निवृत्ती ते सत्तरी : आरोग्यविम्याविना जाणारी बारा वर्षे

निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि सोलापुरी चादर मिळते. साहेबांचे भाषण होते, सहकाऱ्यांचे डोळे पाणावतात आणि सत्कारमूर्ती रिक्षात हार सांभाळत घरी येतात. त्या दिवशी नोकरीबरोबर आणखी एक गोष्ट संपलेली असते. तिचा उल्लेख भाषणात कोणी केलेला नसतो. कंपनीने कामगार व त्याच्या कुटुंबासाठी घेतलेल्या समूह आरोग्यविम्यातून त्याचे नाव कमी होते. काही ठिकाणी ते विमावर्ष संपेपर्यंत राहते, बहुतेक ठिकाणी सेवेच्या शेवटच्या दिवशीच जाते. दोन-चार महिन्यांनी छातीत कळ येते, तेव्हा घरच्यांना हे कळते.

खासगी कारखाने, साखर कारखाने, सूतगिरण्या येथील निवृत्ती साधारणतः ५८व्या वर्षी होते. राज्य शासनाच्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांचेही तेच वय आहे. दुसऱ्या टोकाला केंद्र शासनाची योजना आहे. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी, धन्वंतरी जयंतीच्या दिवशी, आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा विस्तार झाला आणि ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळू लागले. त्यासाठीचे कार्ड 'आयुष्मान वय वंदना' या नावाने ओळखले जाते. ५८ ते ७० या मधल्या बारा वर्षांत मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, गुडघेदुखी, मोतीबिंदू ही सारी मंडळी एकेक करून घरी मुक्कामाला येतात. नेमक्या याच काळात पगार नसतो, मुलांची लग्ने झालेली किंवा व्हायची असतात आणि विम्याचा हप्ता वयाबरोबर वाढत असतो.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा आहे असे नाही. अमेरिकेत मेडिकेअर ही शासकीय आरोग्यविमा योजना १९६५च्या कायद्याने आली आणि ती बहुतेकांना ६५व्या वर्षी लागू होते. त्याआधी नोकरी सोडणाऱ्यांना मधल्या काळासाठी विमा शोधावा लागतो. तेथे जुन्या मालकाचा समूह विमा स्वतःच्या खर्चाने सर्वसाधारणपणे १८ महिने चालू ठेवण्याची कायदेशीर सोय तरी आहे. आपल्याकडे तशी सोय नाही. मात्र तिच्या जवळपास जाणारा एक हक्क आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. त्याविषयी पुढे सविस्तर येईल.

काहींना या बारा वर्षांची चिंता करण्याचे कारण नाही. सोलापूर हे मध्य रेल्वेचे विभागीय मुख्यालय असल्याने शहरात रेल्वेचे निवृत्त कर्मचारी मोठ्या संख्येने राहतात. पुरेशी सेवा झालेल्यांना रेल्वेच्या निवृत्त कर्मचारी आरोग्य योजनेतून रेल्वे रुग्णालयाची सेवा आयुष्यभर मिळते. माजी सैनिकांसाठी ईसीएचएस आहे. बँकांच्या निवृत्तांसाठी भारतीय बँक संघाच्या पुढाकाराने २०१५पासून समूह विमा आहे, पण त्याचा हप्ता निवृत्तांनाच भरावा लागतो आणि तो दरवर्षी चर्चेचा विषय होतो. खरी अडचण आहे ती कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेच्या, म्हणजे 'ईपीएस ९५'च्या निवृत्तांची. सप्टेंबर २०१४मध्ये या योजनेतील किमान पेन्शन दरमहा १,००० रुपये ठरली. गिरणी, कारखाना, सहकारी संस्था, एसटी अशा ठिकाणी हयात घालवलेल्या अनेकांच्या हातात याहून फार जास्त रक्कम पडत नाही आणि या पेन्शनला वैद्यकीय सुविधेची जोड नाही.

'थोड्या दिवसांचा' विमा

निवृत्त मंडळी विमा प्रतिनिधीला हमखास विचारतात, 'सत्तरीला सरकारी कार्ड मिळणारच आहे, तोवर दोन-तीन वर्षांसाठी एखादा स्वस्त विमा नाही का?' प्रश्न व्यवहारी आहे. त्याचे उत्तर मात्र निराशाजनक आहे.

केवळ काही महिन्यांसाठीच्या आरोग्यविम्याचे ठळक उदाहरण आपल्याकडे २०२०मध्ये दिसले. त्या वर्षी जुलैमध्ये 'कोरोना कवच' आणि 'कोरोना रक्षक' या साडेतीन, साडेसहा व साडेनऊ महिन्यांच्या पॉलिसी आल्या. त्या एका रोगापुरत्या होत्या आणि साथीबरोबर त्यांचा काळही सरला. नेहमीचा आरोग्यविमा एक वर्षाचा असतो, फार तर दोन किंवा तीन वर्षांचा एकदम घेता येतो. तो एखाद-दोन वर्षांसाठीच घ्यायचा म्हटले तर प्रतीक्षा कालावधी आड येतो. पॉलिसी घेतल्यापासून पहिले ३० दिवस अपघात सोडून कोणत्याही आजाराचा खर्च मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, मूतखडा यांसारख्या ठरावीक आजारांसाठी बहुधा दोन वर्षे थांबावे लागते. सांधेरोपणासाठी अनेक पॉलिसींत त्याहूनही अधिक काळ जातो. पॉलिसी घेण्यापूर्वीच असलेल्या आजारांसाठीची मुदत विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४च्या नियमांनी कमाल ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणली. ही सुधारणा चांगली आहे, तरी तीन वर्षे ती तीन वर्षेच.

याचा अर्थ असा, की ६७व्या वर्षी मधुमेह व रक्तदाब असलेल्या गृहस्थाने सत्तरीपर्यंतचा आधार म्हणून नवी पॉलिसी घेतली, तर ज्या आजारांची त्याला भीती आहे त्यांचे संरक्षण सुरू होईपर्यंत सत्तरी उजाडलेली असेल. हप्ते मात्र त्याने तिन्ही वर्षांचे भरलेले असतील. अपघात किंवा अगदी नवा आजार एवढ्यापुरताच त्याला उपयोग. तेव्हा उशिरा घेतलेला 'थोड्या दिवसांचा' विमा स्वस्त वाटला तरी हिशेबात महागच पडतो. हीच पॉलिसी ५८व्या वर्षी घेतली असती तर ६१पासून पुढची नऊ वर्षे पुरी उपयोगी पडली असती.

कपाटातली शिधापत्रिका

विकत घेण्याआधी, जे आपलेच आहे ते पाहावे. या बाबतीत सोलापूरकर राज्याच्या पुढे होते, हे आज बहुतेक विसरले आहेत. २ जुलै २०१२ रोजी राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली ती प्रथम आठ जिल्ह्यांत. त्यांत गडचिरोली, अमरावती, नांदेड, धुळे, रायगड, मुंबई शहर व मुंबई उपनगर यांच्याबरोबर सोलापूर होते. उर्वरित महाराष्ट्राला नोव्हेंबर २०१३पर्यंत वाट पाहावी लागली. २०१७मध्ये योजनेचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण होते आणि ते पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांपुरते होते. पांढऱ्या कार्डाचा मध्यमवर्गीय निवृत्त 'ती योजना आपल्यासाठी नाही' असे म्हणत असे आणि ते खरेही होते.

आता ते खरे राहिलेले नाही. राज्य शासनाने २८ जुलै २०२३च्या निर्णयाने ही योजना शिधापत्रिका किंवा अधिवास प्रमाणपत्र असलेल्या राज्यातील सर्वच कुटुंबांना लागू केली आणि संरक्षणाची रक्कम कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये केली. प्रत्यक्ष अंमलबजावणी १ जुलै २०२४पासून झाली. कार्डाचा रंग पांढरा असला तरी चालतो आणि सत्तरीची अटही नाही. ज्या बारा वर्षांची आपण चिंता करीत आहोत, त्यांतील मोठा भाग महाराष्ट्रातील रहिवाशाला असा विनामूल्य मिळतो. तरीही या योजनेचे नाव अनेक मध्यमवर्गीय घरांत अजून पोहोचलेले नाही. निवृत्तांच्या मेळाव्यांत पेन्शनवाढीच्या ठरावाबरोबर एवढी एक माहिती दिली गेली तरी पुष्कळ काम होईल.

योजनेच्या मर्यादाही नीट समजून घ्याव्यात. ती ठरावीक उपचारांची योजना आहे. २०२४च्या विस्ताराच्या वेळी यादीत १,३५६ उपचार होते आणि त्यानंतरही यादी बदललेली आहे. यादीत नसलेल्या उपचाराचा खर्च मिळत नाही. काही उपचार केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखीव आहेत. दवाखान्यातील नेहमीची तपासणी, महिन्याच्या गोळ्या, चष्मा, दात यांचा तिच्याशी संबंध नाही. घरी सोडल्यानंतर सुमारे दहा दिवसांची औषधे व तपासणी मात्र तिच्यात धरलेली असते. शिवाय रुग्णालय योजनेत नोंदलेले असले पाहिजे. सोलापुरात श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपले सिव्हिल, आणि त्याबरोबर काही सहकारी व खासगी रुग्णालये यांतून उपचार होतात. परंतु खासगी रुग्णालयांची नावे यादीत येत-जात असतात. एखाद्या रुग्णालयात हृदयविकाराचे उपचार योजनेतून होतात आणि हाडांचे होत नाहीत, असेही आढळते. म्हणून 'अमुक हॉस्पिटलला योजना आहे' या ऐकीव माहितीवर विसंबू नये. आपल्या विशिष्ट आजारासाठी ते नोंदलेले आहे का, हे १५५३८८ किंवा १८००-२३३-२२०० या क्रमांकांवर विचारावे. नोंदणीकृत रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. दाखल होताना पहिली भेट त्याची घ्यावी, बिलाच्या खिडकीशी नव्हे. आगाऊ रक्कम भरून रुग्ण दाखल झाला आणि मग योजनेची आठवण झाली, की प्रकरण अवघड होते.

सोलापुरात एक अडचण वारंवार येते, ती नावांची. पूर्व भागातील तेलुगू भाषक कुटुंबांत आडनाव आधी की नाव आधी, त्याचे मराठी लेखन कसे, यावरून शिधापत्रिका व आधार यांत फरक पडतो. दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटकडील कन्नड नावांचेही तसेच. मुलगा पुण्याला गेला आणि आई-वडिलांची नावे त्याच्या कार्डावर चढवली, इकडचे जुने कार्ड बंद पडले, हाही नित्याचा प्रकार. ही दुरुस्ती अन्नधान्य वितरण कार्यालयात किंवा आधार केंद्रात प्रकृती ठणठणीत असतानाच करून घ्यावी. अतिदक्षता विभागाच्या दारात उभे राहून ती होत नाही.

दहा रुपये महिना

ज्यांच्या पगारातून राज्य कामगार विम्याची, म्हणजे ईएसआयची, वर्गणी कापली जात होती त्यांच्यासाठी एक जुनी सवलत आहे. विमाधारक कामगार किमान पाच वर्षांच्या विमापात्र नोकरीनंतर नियत वयोमानानुसार निवृत्त झाला, तर त्याला व त्याच्या पती किंवा पत्नीला महिन्याला १० रुपये, म्हणजे वर्षाचे १२० रुपये आगाऊ भरून वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो, असा नियम १९५०च्या केंद्रीय नियमावलीत समाविष्ट आहे. विमा कंपन्यांचे हप्ते पाहिल्यावर हा आकडा छपाईची चूक वाटावी, पण ती चूक नाही. राज्य कामगार विमा रुग्णालय सोलापुरातच आहे.

ही सवलत आपोआप मिळत नाही. निवृत्तीचा दाखला मालकाकडून घेऊन शाखा कार्यालयात अर्ज करावा लागतो. २१ नोव्हेंबर २०२५पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे आणि जुना ईएसआय कायदा तिच्यात सामावला गेला आहे. त्यामुळे अर्जाचा नमुना व रक्कम यांविषयी शाखा कार्यालयात खात्री करून घ्यावी. ईएसआयची वेतनमर्यादा २०१७पासून २१,००० रुपये आहे. शेवटच्या वर्षांत पगार या मर्यादेपलीकडे गेल्याने जे ईएसआयमधून बाहेर पडले, त्यांनीही आपला जुना विमा क्रमांक घेऊन एकदा विचारणा करावी.

यंत्रमागावरचा कामगार आणि विडी वळणारी स्त्री यांच्या बाबतीत मात्र हा विचार बहुधा कागदावरच राहतो. अनेक कारखान्यांत नोंदच नसते, मग निवृत्तीचा दाखला कोठला? त्यांच्यासाठी शिधापत्रिकेवरची योजना हाच खरा आधार आहे.

शेवटच्या दिवसाआधीचा अर्ज

आता तो फारसा ठाऊक नसलेला हक्क. समूह आरोग्यविम्यातून बाहेर पडणाऱ्या सभासदाला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत जाण्याची मुभा नियामक प्राधिकरणाच्या नियमांनी दिली आहे. याला स्थलांतर म्हणतात. त्याचा सर्वांत मोठा लाभ म्हणजे समूह विम्यात सलग काढलेली वर्षे प्रतीक्षा कालावधीत मोजली जातात. समूह विम्यात सलग तीन वर्षे असलेल्या मधुमेही कर्मचाऱ्याला नव्या वैयक्तिक पॉलिसीत मधुमेहासाठी पुन्हा तीन वर्षे थांबावे लागू नये, असा त्याचा अर्थ. जुनी रक्कम ३ लाख असेल आणि नवी पॉलिसी ५ लाखांची घेतली, तर वरच्या २ लाखांसाठी मात्र प्रतीक्षा नव्याने सुरू होते.

या हक्काला दोन मर्यादा आहेत. कंपनी प्रकृतीची माहिती मागू शकते आणि त्यानुसार निर्णय घेऊ शकते. शिवाय हप्ता समूहाचा राहत नाही, आपल्या वयाचा लागतो. तो पाहून पुष्कळजण मागे फिरतात. पण ५८व्या वर्षी बाजारात नव्या पॉलिसीसाठी उभे राहणाऱ्यालाही त्याच वयाचा हप्ता पडतो आणि वर प्रतीक्षाही भोगावी लागते. पैसे जवळपास तेवढेच देऊन वर्षे वाचत असतील तर स्थलांतर केव्हाही चांगले. कंपनीने निवृत्तांसाठी स्वतंत्र समूह योजना ठेवली असेल, तर तिच्याशीही तुलना करावी.

अर्ज कधी करावा? निवृत्तीच्या दोन-तीन महिने आधीच मनुष्यबळ विभागातून समूह पॉलिसीचा क्रमांक, विमा कंपनीचे नाव, सभासदत्वाची तारीख आणि आजवरच्या दाव्यांचा तपशील लेखी घ्यावा. निवृत्तीनंतर त्या विभागात आपला फोन कोण उचलणार? विम्यात खंड पडू देऊ नये. एकदा वैयक्तिक पॉलिसीत आल्यावर ती कंपनी पसंत नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी दुसऱ्या कंपनीत जाता येते. ही पोर्टेबिलिटीची सोय आरोग्यविम्यात ऑक्टोबर २०११पासून आहे. त्यासाठी मुदत संपण्यापूर्वी किमान ४५ दिवस आधी अर्ज करण्याची पद्धत आहे.

नवी पॉलिसी घ्यावीच लागली तर

समूह विमाही नव्हता आणि ईएसआयही नव्हते, अशांना बाजारातच जावे लागते. त्यांनी प्रथम 'आरोग्य संजीवनी' पाहावी. एप्रिल २०२०पासून विमा कंपन्यांनी एकाच नमुन्याने विकावी म्हणून आलेली ही पॉलिसी आहे. अटी सारख्या असल्याने केवळ हप्त्याची तुलना करता येते, हा तिचा मोठा गुण. अवघड माहितीपत्रके वाचून ज्यांचे डोके दुखते त्यांच्यासाठी ती बरी. तिच्यात प्रत्येक दाव्यातील ५ टक्के रक्कम रुग्णाने सोसायची असते. खोलीभाडे विमा रकमेच्या २ टक्के, पण दिवसाला ५,००० रुपयांपर्यंत मर्यादित आहे.

ही खोलीभाड्याची अट समजून घेण्यासारखी आहे. पाच हजारांची मर्यादा असताना रुग्णाने आठ हजारांची खोली घेतली, तर फरकाचे तीन हजारच आपल्याला द्यावे लागतील असे वाटते. प्रत्यक्षात डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क अशा खोलीच्या दर्जाशी जोडलेल्या खर्चांनाही तेच ५:८ हे प्रमाण लागते. असा खर्च १ लाख ६० हजार असेल तर कंपनी १ लाखच धरते. त्यातून पुन्हा ५ टक्के वजा. नातेवाइकांना बसायला सोफा असलेली खोली अशी साठ-पासष्ट हजारांना पडते!

दुसरा मार्ग 'सुपर टॉप-अप'चा. यात वर्षभरातील खर्च ठरावीक रकमेच्या, समजा ३ लाखांच्या, वर गेला तरच विमा सुरू होतो. खालची रक्कम आपली किंवा दुसऱ्या पॉलिसीची. यामुळे हप्ता बराच कमी होतो. ग्रॅच्युइटीतील काही रक्कम मुदत ठेवीत केवळ आजारपणासाठी बाजूला ठेवून वर सुपर टॉप-अप घेणे, हा मध्यम उत्पन्नाच्या निवृत्ताला परवडणारा तोडगा आहे. प्रतीक्षा कालावधी मात्र यालाही लागू असतो. म्हणून हेही निवृत्तीच्या वर्षीच करावे.

सोलापूरकरांनी पॉलिसीत आणखी एक ओळ शोधावी. काही कंपन्या शहरांचे विभाग पाडतात. सोलापूरच्या पत्त्यावर हप्ता कमी बसतो, पण मुंबई किंवा पुण्यात उपचार घेतल्यास बिलाचा काही टक्के हिस्सा आपल्यावर येतो. मोठ्या आजारासाठी इथून पुण्याला जाण्याचा प्रघात आहे, त्यामुळे ही ओळ वाचूनच सही करावी.

वयाविषयीचा एक गैरसमजही दूर व्हायला हवा. पूर्वी अनेक कंपन्या ६५ वर्षांवरील नव्या ग्राहकाला दारातच थांबवीत. १ एप्रिल २०२४पासूनच्या नियमांत ही वयाची चौकट उरलेली नाही, ज्येष्ठांसाठीही पॉलिसी उपलब्ध करून देणे अपेक्षित आहे. कंपनी प्रकृती पाहून नकार देऊ शकते, म्हणून एकीने नाही म्हटले तर दुसरीकडे विचारावे. जानेवारी २०२५मध्ये प्राधिकरणाने ६० वर्षांवरील विमाधारकांचा हप्ता पूर्वसंमतीशिवाय वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवण्यास कंपन्यांना मनाई केली. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला. ज्यांनी त्यापूर्वी चौकशी करून महाग म्हणून विचार सोडला होता, त्यांनी नवे दर मागवावेत. आयकराच्या जुन्या प्रणालीत ज्येष्ठ नागरिकाला आरोग्यविम्याच्या हप्त्यासाठी ५०,००० रुपयांपर्यंत वजावट आहे. विमाच नसलेल्या ज्येष्ठाचा वैद्यकीय खर्चही त्या मर्यादेत धरला जातो. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही.

'शुगर लिहू नका काका, हप्ता वाढेल,' असे सांगणारा प्रतिनिधी भेटला तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी रुग्णालयाच्या जुन्या कागदांतून बाहेर येतो आणि दावा नाकारला जातो. सलग ६० महिने विमा चालू राहिल्यावर माहिती दडवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही, असे आता नियम सांगतो. पूर्वी ही मुदत आठ वर्षे होती. त्यातही सिद्ध झालेल्या फसवणुकीला सूट नाही. पाच वर्षे जीव मुठीत धरून राहण्यापेक्षा अर्जात दोन शब्द जास्त लिहावेत.

दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. सोलापूरसाठी हे कार्यालय पुण्यात आहे. ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तेथे चालतात, शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही. विमाही नाही आणि योजनेच्या यादीत उपचारही नाही, अशा वेळी धर्मादाय रुग्णालयांचा विचार करावा. उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६पासून या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हाताशी असावा. केवळ पेन्शनवर जगणारे अनेकजण या मर्यादेत बसतात, पण मागण्याचा संकोच करतात.

सत्तरीच्या दारात

७० पूर्ण होताच वय वंदना कार्ड काढावे. वयाचा पुरावा म्हणून आधार धरले जाते. शाळेत एक, नोकरीत दुसरी आणि आधारवर तिसरी जन्मतारीख असलेल्या पिढीला हे आधीच तपासून ठेवलेले बरे. नोंदणी आधारवर आधारित असल्याने मोबाइल क्रमांक जोडलेला असावा. चौकशीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे. खासगी आरोग्यविमा किंवा ईएसआय असलेल्यांनाही हे कार्ड मिळते. केंद्रीय आरोग्य योजना किंवा माजी सैनिकांची योजना असलेल्यांना मात्र दोहोंतून एकाची निवड करावी लागते.

कार्ड हाती आले की खासगी पॉलिसी बंद करावी का? लगेच करू नये. आपल्याला ज्या रुग्णालयात जायचे आहे ते योजनेत आहे का, हे आधी पाहावे. एकदा सोडलेली पॉलिसी त्या वयात त्याच अटींवर परत मिळत नाही.

आणखी एक गोष्ट घरोघरी निसटते. हे कार्ड ज्याचे वय ७० झाले त्याचेच आहे. पतीला कार्ड मिळाले तेव्हा पत्नी ६४ वर्षांची असेल, तर त्या कार्डावर तिचे उपचार होत नाहीत. शिधापत्रिकेवरच्या राज्य योजनेत ती असते, केंद्राच्या ज्येष्ठांच्या योजनेत नाही. 'मला आता सरकारी कार्ड मिळाले' म्हणून पतीने दोघांची कौटुंबिक पॉलिसी बंद केली, तर पत्नीने इतकी वर्षे भोगलेली प्रतीक्षाही तिच्याबरोबर बुडते. त्याऐवजी पतीचे नाव कमी करून पत्नीची पॉलिसी सलगतेच्या लाभासह स्वतंत्र करून देण्याची विनंती कंपनीकडे करावी. ती नूतनीकरणाच्या तारखेपूर्वी आणि लेखी करावी. हप्ता भरण्याची तारीख चुकलीच, तर वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीला ३० दिवसांची सवलत असते.